आयर्लंडच्या किल्ल्यात वन्सं

सकाळी साडेसातला पेपर आला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कोथरूडला आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी पहिल्या. दोघींत मिळून एकच पेपर. आधी त्या वाचणार, लाल पेनानं त्यातल्या चुका दुरुस्त करणार, आणि मग येऊन माझ्या दाराच्या कडीला अडकवून जाणार. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पेन काही सुटलं नाही. त्या दिवशी आठ वाजले तरी कडी रिकामीच, म्हणून किल्ली घेऊन वर गेले. खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा डोळ्यांवर, पेपर मांडीवर, पहिलं पान अर्धं तपासून झालेलं... पेनाला टोपण मात्र लावलेलं. दोन महिने झाले या गोष्टीला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. वन्संना ते मुळीच पटलं नसतं, तेव्हा खरं तेच सांगते. बाई फार खवचट होत्या. मी बालवाडी चालवायचे, गोष्टी सांगणं हा माझा धंदा. वर्षातून एकदा मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन सिंहगडावर जायचो, तर वन्सं हट्टानं बरोबर यायच्या. माझी घोरपडीची गोष्ट अगदी रंगात आली, की मागून आवाज, "आधार काय?" एकदा मी चिडलेच. म्हटलं, "वन्सं, घोरपडीला दोर बांधलेला तुम्ही पाहिला नाहीत, पण नव्हता बांधला हे तरी कुठे पाहिलंत?" तर म्हणतात कशा, "सुधा, मी घोरपडीची बाजू घेतेय. बिचारीला फुकट राबवता तुम्ही लोक!"

पण आमच्यात एक गाठ बसली होती, ती या भांडणांची नव्हे. माझे यजमान म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. ते गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणापाशी बोलले नाही, आज लिहितेय. आठ दिवस हॉस्पिटलात उशाशी बसून होते, आणि त्या दुपारी त्यांना मऊ भात खावासा वाटला म्हणून घरी आले. वन्सं जवळ थांबल्या. डबा घेऊन परतले तर लिफ्ट बंद. तीन जिने धावत चढले, खोलीच्या दारात वन्सं उभ्या होत्या. त्यांनी फक्त मान हलवली. पुढे भेटायला आलेल्यांपैकी एक बाई म्हणाल्याच, "नेमकी तूच नव्हतीस गं!" वन्सं शेजारीच बसल्या होत्या. एरवी कुणाचं काही ऐकून न घेणारी ही बाई त्या वेळी चकार शब्द बोलली नाही. मी काय समजायचं ते समजले. त्यांच्या मनातही तेच आहे म्हटलं, आणि विचारायची हिंमत कधी झाली नाही.

माझा मुलगा आयर्लंडमध्ये नोकरीला असतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यानं आम्हा दोघींना बोलावून घेतलं आणि एक दिवस समुद्राकाठचा एक जुना किल्ला दाखवायला नेलं. नाव मला आजही उच्चारता येत नाही. किल्ला कसला, हिरव्या माळावर चौकोनी दगडी मनोरा. वन्संनी एकदा खालून वर पाहिलं आणि निकाल दिला, "एवढाच? आमच्याकडे याला बुरूज म्हणतात." पण आत शिरल्यावर बाईंचे डोळे लकाकले. जिना गोल, अंधारा, हाताला धरायला दोर. दर पायरीची उंची वेगळी. चढणाऱ्या शत्रूनं ठेचकाळावं म्हणून मुद्दाम तशी केली आहे म्हणे. "असं सांगतात," वन्सं धापा टाकत म्हणाल्या, "आधार नाही." मुलगा खालीच थांबला होता, नात गाडीत झोपली होती म्हणून.

अगदी वरच्या खोलीत एक म्हातारा गाईड तिथली दंतकथा सांगत होता. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं त्याचं इंग्रजी, मला एक अक्षर कळेना. वन्सं वर्गातल्या आवाजात एकेक वाक्य मराठीत सांगू लागल्या. इथला सरदार जखमी होऊन याच खोलीत पडला होता. त्यानं बायकोकडे खालच्या झऱ्याचं पाणी मागितलं. ती चार मजले उतरून गेली... इथे वन्सं थांबल्या. गाईड बोलतच होता, आणि त्या खिडकीच्या फटीतून बाहेर बघत होत्या.

"पुढे काय झालं?" मी विचारलं.

"पोचली ती," वन्सं म्हणाल्या. "जिन्यात तिच्या चपला वाजल्या. त्यानं ऐकलं. डोळे मिटलेले होते, पण ओठ हलले. आली, म्हणाला. आणि मग गेला."

मी त्यांचाच प्रश्न त्यांना केला, "आधार काय?"

"मी सांगतेय ना," त्या म्हणाल्या आणि दोर धरून उतरायला लागल्या. "जपून ये, पायऱ्या सारख्या नाहीत."

खाली येऊन त्यांनी दारातल्या दुकानातून एक माहितीपुस्तिका घेतली. गाडीत आम्ही थालीपीठ खाल्लं, लोणच्याचं तेल सीटवर सांडलं म्हणून मुलाची बोलणी खाल्ली. त्या कथेचा विषय पुन्हा निघाला नाही.

वन्संच्या दिवसांना मुलगा आला होता. त्यांचं कपाट आवरताना ती पुस्तिका निघाली. म्हटलं, वाच रे ती गोष्ट. त्यानं वाचली. तोच सरदार, तोच झरा. पण त्यात ती बायको वेळेवर पोचतच नाही! म्हणून अजूनही धुक्याच्या दिवशी त्या जिन्यात तिची पावलं ऐकू येतात, ती वर चढत राहते आणि पोचत कधीच नाही.

"चुकीचं वाचतोयस तू," मी म्हटलं.

"आई, छापलंय इथे." मग त्यानं पान माझ्यासमोर धरलं. शेवटच्या ओळीवर लाल पेनाची सरळ रेघ होती. समासात वन्संच्या गोल अक्षरात एकच शब्द, 'पोचली'. खाली त्यांची सही, वह्या तपासल्यावर करायच्या तशी.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. त्या थंडीत, त्या काळात, सरदाराच्या बायकोच्या पायात चपला कुठून येणार? इतिहासाच्या बाईंना एवढं कळत नव्हतं? चपला माझ्या होत्या. त्या दुपारी खोलीत वन्सं होत्या, मी नव्हते. ते खरंच 'आली' म्हणाले, की जन्मात एकदाच, माझ्यासाठी, वन्संनी आधार नसलेली गोष्ट सांगितली, हे मला आता कधी कळणार नाही. आणि खरं सांगू, विचारायचंही नाही. इतकी वर्षं त्यांच्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ लावत बसले, ती मूर्ख मी.

पेपर हल्ली थेट माझ्या कडीला येतो. कोरा, एकही लाल खूण नसलेला. वाचायला मजा येत नाही. ती पुस्तिका फोनशेजारी असते. परवा व्हिडिओ कॉलवर नातीनं गोष्ट मागितली. मी किल्ल्याची सांगितली, वन्संनी सांगितली तशी, चपलांसकट. पाच वर्षांची पोर, पण रक्त कुठे जाणार! भुवया चढवून विचारते, "आजी, हे खरं कशावरून?"

म्हटलं, "आत्याआजीनं तपासलंय."