टाकीखालची काच

माझ्या साडूइतका रागीट माणूस अख्ख्या बोरीवलीत नव्हता, आणि त्याचा सगळा राग काँक्रीटवर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्यांवर होता. कुणाकडे चहाला गेला की आधी भिंतीवर टकटक करायचा. आवाज पोकळ आला की यजमानाकडे असा बघायचा, जणू आतलं लोखंड त्यानेच गंजवलंय. सासुरवाडीच्या वास्तुशांतीला ऐन पंगतीतून उठून त्याने खांबावरच्या भेगेचं टोक पेन्सिलीने आखलं आणि शेजारी तारीख घातली. सासूबाईंनी त्याच दिवशी त्यावर कॅलेंडर टांगलं. नोकरीतही त्याचं काम हेच, सळ्यांचं काँक्रीट कसं मोडतं ते कॉम्प्युटरवर मोडून बघायचं. कॉम्प्युटरला गणित भरवायच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे तो तान्ह्या बाळासारखे छातीशी धरून न्यायचा. "ते एकदम मोडत नाही रे!" तो माझ्यावर ओरडायचा. "आधी केसाएवढ्या चिरा, मग सगळा भार सळईवर. तुम्हाला फक्त शेवटचा धडाम ऐकू येतो!"

आमच्या सोसायटीने गच्चीवर दुसरी टाकी बांधली, ती नेमकी आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या साडूच्या स्वयंपाकघरावर. अध्यक्षांनी उद्घाटनाला सनईची कॅसेट आणि कुणा मंत्र्याचा भाचा आणायचं ठरवलं. साडूने दोन महिने खपून कॉम्प्युटरवर त्या स्लॅबवर थोडं थोडं पाणी चढवलं. टाकी पाऊण भरली की गणित अडायचं, उत्तर जुळेचना. सभेत अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे स्लॅब पडणार?"

"स्लॅब तुटतोय की माझं गणित तुटतंय, हे छातीठोकपणे नाही सांगता येत. म्हणून म्हणतो, अर्धीच भरा."

"म्हणजे तुमचा कॉम्प्युटर फेल," अध्यक्ष म्हणाले, "बिल्डिंग पास!"

टाळ्या पडल्या. माझ्याही नळाला पाणी नव्हतं, मीही वाजवल्या. "खरं बोललो म्हणून हरलो," साडू जिन्यात फणफणला, "आणि तू टाळ्या वाजव!"

त्याने स्वयंपाकघराच्या छतावरच्या भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवली. भेग हलली की काच तडकणार. मेव्हणी तिच्याखाली पोळ्या लाटायची, एक डोळा वर ठेवून. टाकी भरल्याच्या अकराव्या सकाळी काच तडकली. साडूने बायकोला खाली आमच्याकडे धाडलं आणि गच्चीवर जाऊन टाकीची तोटी सोडली. बायका बादल्या घेऊन जिन्यात धावल्या, अंगाला साबण, कमरेला पंचा अशा अवतारात अध्यक्ष माझ्या दारात गरजले, "कुठाय तो तुमचा साडू?" पुढे स्लॅब फोडला, तर सळ्या गंजून विणायच्या सुईएवढ्या उरलेल्या. सोसायटीच्या अहवालात छापलं, 'कमिटीच्या दक्षतेमुळे अनर्थ टळला.' ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तडकतं.

साडू आता नाही. परवा सासुरवाडीला कॅलेंडर बदलताना त्याची रेघ दिसली. भेग तिच्यापुढे सरकली नव्हती. त्याला सांगितलं असतं तर भडकलाच असता, "नीट मोजलीस का?" मी फूटपट्टी आणली, मोजली, आणि त्याच्या तारखेखाली त्या दिवशीची घातली. कॅलेंडर मात्र खांब सोडून भिंतीवर लावलं.