फाटकाबाहेर नऊ जोड

"चपला फाटकाबाहेर. लॉन खराब होतं."

मालक हे बोलले तेव्हा त्यांच्या पायात बूट होते आणि ते लॉनवरच उभे होते.

वारूळवाडीजवळच्या त्या फार्महाऊसवर आम्ही नऊ जण बागकामाला होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. रोज फाटकाबाहेर नऊ जोडांची रांग. आत गोदामात खिळ्यांना चार जोड गमबूट टांगलेले. पाहुण्यांना पावसात फिरायला. सहा वर्षं मी ते नुसते मोजले. मागितले नाहीत.

त्या सकाळी आमच्यातली शांताक्का कापलेलं गवत गोळा करत होती. कुंपणाशी फुस्स आवाज आला. तिथला पाण्याचा पाइप गळका, नेहमी तसाच वाजायचा.

"पाइप सुटला वाटतं, भाऊ," म्हणत ती पाइपाचा सांधा दाबायला गेली.

घोणस होती. अंगठ्यापासून चार बोटं वर दोन दात.

जीप काढा म्हणून मी ओरडलो. मालकांनी पाय पाहिला.

"आधी तिला चपला घाल. अनवाणी नेलीस तर डॉक्टर मला विचारतील."

आणि मी धावलो. फाटकापर्यंत, परत. सुजता पाय चपलेच्या पट्ट्यात कोंबू लागलो.

"ऱ्हाऊ दे रं, लई दुखतंय."

मी तरी जोर लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पायात काय होतं?"

"चपला व्हत्या," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहिलं.

हिरड्यांतून रक्त आलं. लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी शांताक्का गेली.

"बाईनं बघून पाय टाकायचा ना," मालक म्हणाले.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर सात जोड होते. आठवा माझ्या पायात. तसाच लॉनवरून गोदामात गेलो. एक गमबूट उतरवून घातला, चार बोटं मोजली. त्याच्याही वर वीतभर रबर होतं. दुसराही घातला. त्या खिळ्याला माझ्या चपला अडकवल्या.

"काढ ते. तुझ्यासाठी आहेत का?" दारातून मालक म्हणाले.

"न्हाई काढणार."

"मग कामावर येऊ नकोस."

"कामावर आलोच न्हाई. दवाखान्यात चाललोय. खोटं बोललो, ते खोडायला."

डॉक्टरांसमोर उभं राहून सांगितलं, "तिचा पाय उघडा व्हता. आमचे सगळ्यांचेच असायचे, मालकाचा हुकूम व्हता. चप्पल मागनं मी घातली, त्याच्याच सांगण्यानं. लिहा. खाली माझं नाव लिहा."

बुद्धविहारात मी चपला काढतो. माणसाच्या घरात काढतो. गवतासाठी काढणार नाही. शेजारच्यालाही काढू देणार नाही.