मंगळवारचं फ्लॉरेन्स

पाचशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्स नावाच्या शहरात माणूस नव्याने बघायला शिकला, असं म्हणतात. निदान आमच्या शेजारचे काका तसं म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणत. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही चौघं, काका-काकू, माझी बायको आणि मी, त्या शहरी एका दिवसासाठी जायची तयारी करत होतो. माणूस जिथे बघायला शिकला तिथे दहीभात न्यावा की दशम्या, यावर तो अख्खा रविवार गेला. दशम्या जिंकल्या, कारण दहीभात सांडतो.

आम्हा चौघांनाही मार्चमध्ये भारतात जायचं होतं. जाताना रोमला दोन रात्री थांबायचं आणि त्यातला मधला एक दिवस आगगाडीने फ्लॉरेन्सला जाऊन यायचं, ही कल्पना काकांची. इथल्या मराठी मंडळात दर दिवाळीनंतर कुणीतरी आपल्या सहलीचे फोटो पडद्यावर दाखवतं, आणि समोशांच्या रांगेत लोक एकमेकांना विचारतात, ‘युरोप झालं का तुमचं?’ उत्तर येतं, ‘युरोप झालं, अलास्का राहिलंय.’ पूर्वी लोक काशी झाली म्हणत, त्याच सुरात. काकांना या ‘झालं’चा राग होता. ‘शहर काय गोवर आहे का, एकदा झाला की सुटलो?’ असं ते म्हणत.

ते रेडिओलॉजिस्ट होते, आता निवृत्त. नागपूरला शिकत असताना शरीररचनेच्या मास्तरांनी वर्गात एक काळापांढरा फोटो फिरवला होता. फ्लॉरेन्समधल्या त्या संगमरवरी तरुणाच्या पुतळ्याचा. हात प्रमाणाबाहेर मोठा आहे, पण हातावरच्या शिरा बरोबर आहेत, असं मास्तर म्हणाले. फोटो काकांच्या बाकापर्यंत येईतो तास संपला. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसून अमेरिकन फुप्फुसांच्या करड्या फिल्म वाचण्यात घालवलं. मास्तर खरं बोलले की नाही, ते बघायचं राहून गेलं होतं.

आता घाई होती. त्यांच्या उजव्या डोळ्यातला पडदा मध्यभागी झिजून गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. त्यावर तेव्हा फारसा इलाज नव्हता. फ्रिजवर चौकटी आखलेला एक कागद चिकटवलेला असे. रोज सकाळी एक डोळा झाकून त्यांनी त्या कागदाकडे बघायचं, आणि रेघा वाकड्या दिसल्या तर डॉक्टरला फोन करायचा. यात आंधळं व्हायला होत नाही. कडेचं सगळं दिसतं, फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. त्यांनीच मला समजावलं होतं: ‘पुतळ्यापुढे उभा राहिलो, तर आजूबाजूचे टुरिस्ट दिसतील. पुतळा दिसणार नाही.’

म्हणून बेत आखायचा होता, तोही कडक. रविवारी संध्याकाळी बॉस्टनहून निघायचं, सोमवारी सकाळी रोम, विश्रांती, आणि मंगळवारी फ्लॉरेन्स. मंगळवार त्यांनी ऑक्टोबरमध्येच ठरवला, गाईडबुक स्वतः वाचून, हातात भिंग घेऊन. ख्रिसमसपर्यंत भिंगाचाही उपयोग उरला नाही. मग माझी बायको वाचून दाखवू लागली. ती वाचते चांगलं, पण एकही ओळ गाळत नाही.

‘उघडण्याच्या वेळा,’ ती सुरुवात करायची.

‘वेळा-बिळा सोड गं, त्या माझ्या पाठ आहेत. पुढचं वाच.’

पुढचं म्हणजे घुमट, दरवाजे, सरदारांची थडगी. त्या थडग्यांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. ‘सावकार होते सगळे,’ ते म्हणत. ‘चांगले चित्रकार पोसले म्हणून आपण त्यांना सरदार म्हणतो.’

जानेवारीत काकूंनी भारतातून आलेलं कॅलेंडर भिंतीवर लावलं आणि मार्चचं पान उलटून बघितलं.

‘अहो, रविवारी अमावस्या आहे.’

‘असू दे.’

‘अमावस्येला निघायचं नाही.’

‘कॅलेंडर भारताचं, विमान बॉस्टनचं, जायचंय इटलीला. अमावस्या नक्की कुठली धरायची?’

‘अमावस्येला व्हिसा लागत नाही,’ काकू म्हणाल्या. ‘ती सगळीकडे असते.’

काकांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला बघितलं. समोरचा माणूस दिसायला आता त्यांना नजर थोडी कडेला न्यावी लागे.

‘तू सायन्सवाला. बोल काहीतरी.’

मी म्हणालो, ‘काकू, इटलीत अमावस्येला पोचलेलं चालतं का?’

‘पोचलेलं चालतं. निघायचं नाही.’

‘मग एक दिवस आधी निघू.’

‘शनिवारी महाशिवरात्र आहे,’ त्यांनी पुन्हा पान बघितलं. ‘उलट चांगलंच. उपास विमानात होऊन जाईल, तसंही तिथे खाण्यासारखं काही नसतं.’

तिकिटं बदलली. सगळं एक दिवस अलीकडे आलं आणि घरात शांतता झाली. काकांनी नव्याने काहीच आखलं नाही, फक्त मंगळवारऐवजी सोमवार म्हणू लागले. सकाळची गाडी, स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे, पहिल्यांदा पुतळा, कारण डोळे सकाळी ताजे असतात, मग घुमटाच्या चौकात पायऱ्यांवर दशम्या. दर रविवारी ते हा रस्ता म्हणून दाखवत. टीव्हीवर इराकशी युद्ध होणार की नाही याची चर्चा चालू असे, ती काकू आवाज बंद करून बघत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी फ्रिजवरच्या कागदावर रेघाच दिसल्या नाहीत. मध्ये एक राखाडी डाग होता. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टर पुष्कळ वेळ बोलला. त्यातलं काकांना सगळंच आधी माहीत होतं, तरी त्यांनी ऐकून घेतलं. परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, ‘कॅन्सल करून टाक.’

फ्लॉरेन्सला जायच्या त्या सोमवारी मी रजा आधीच टाकलेली होती. बाहेर थंडी कडाक्याची, बर्फाचे ढीग काळे पडलेले. दुपारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. काकूंनी दशम्या आठवडाभर आधीच करून फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या, त्या काढून गरम केल्या.

‘टाकून कशा देऊ?’ त्या म्हणाल्या. ‘केल्यात इटलीसाठी.’

काका बेसमेंटमध्येच बसले होते. टेबलावर नकाशा तसाच होता.

‘आलात? बसा. गाडी वेळेवर पोचली,’ ते म्हणाले, आणि चालायला लागले. म्हणजे खुर्चीतच. स्टेशन, डावी गल्ली, चामड्याच्या पिशव्यांची दुकानं (‘इथे काकू थांबेल, तिला थांबू द्यायचं नाही’), मग तिकिटाची रांग. आम्ही कुणीच हसलो नाही, कारण ते विनोद करत नव्हते. रांग त्यांना लांब वाटली, म्हणून आम्हीही रांगेत थांबलो.

मग ते माझ्या बायकोला म्हणाले, ‘आता हात. उजवा.’

तिने गाईडबुकातला फोटो उघडला. फोटो बोटभर होता. तिने तो दिव्याखाली धरला, भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली.

‘मोठा आहे, काका.’

‘ते माहीत आहे. शिरा?’

‘आहेत. मनगटाच्या वर एक आहे, पुढे तिला फाटा फुटलाय.’

‘कुठल्या बाजूला?’

तिने आपला हात पुढे केला, त्यांचं बोट धरलं आणि मनगटावरून बोटांकडे फिरवलं. ‘अशी.’

त्यांनी एकदा तिच्या हातावरून आणि एकदा स्वतःच्या हातावरून बोट नेलं. फिल्म वाचताना घेत असावेत तेवढा वेळ घेतला.

‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘मास्तर खोटं बोलले नाहीत.’

काकू ताटल्या घेऊन खाली आल्या. दशम्या कडेला थोड्या कडक झाल्या होत्या. काकांनी एक तुकडा मोडला आणि नकाशाची घडी घालायला मला हाताने खूण केली.

‘झालं फ्लॉरेन्स,’ ते म्हणाले.

तो नकाशा गाईडबुकात ठेवताना मला उघडण्याच्या वेळांचं पान दिसलं. पुतळ्याचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. पुस्तकात ते बारीक अक्षरात दिलेलं आहे.