पुतळ्याच्या मापाची बाई

आरशातली छाती आपली नाही, असं तुम्हाला कधी वाटलंय? आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना रोज वाटतं. छाती वाढवायचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी हौसेने दुकानातला कापडी पुतळा स्वतःच्या नव्या मापाचा करून घेतला. मग उपास करून झपाट्याने वजन उतरवलं. चरबी गेली, कातडी लोंबली, ऑपरेशनमध्ये आत बसवलेल्या सिलिकॉनच्या पिशव्यांच्या कडा बोटांना लागू लागल्या. पुतळा मात्र तसाच भरलेला.

एका संध्याकाळी दिवे गेले. दुकानात आलेली त्यांची नणंद अंधुक उजेडात पुतळ्यालाच म्हणाली, "वहिनी, चहा टाकू?"

"मी इकडे आहे गं."

नणंद दचकली ती आवाजाने नाही, मागे वळून त्यांचं उतरलेलं अंग बघितल्यावर.

आता त्या लोंबलेली कातडी आवळायला दुसऱ्या ऑपरेशनला निघाल्यात, आणि उपास चालूच. बायांनो, आधी वजन एका जागी थांबू द्या, नाहीतर ऑपरेशननंतर छाती पुन्हा बदलते. डॉक्टरने विचारलं नाही, तर तुम्हीच वजनाचा विषय काढा.