साचेखात्यातलं बोलणं

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत मी लहान असताना टीव्ही एकच, शेजारच्या काकूंकडे. सुट्टीच्या दिवशी त्यावर कधीतरी जुना मुका विनोदी सिनेमा लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा काकूंनी आवाजाचं बटण पिळून पिळून पाहिलं, टीव्हीला दोन चापट्या मारल्या आणि जाहीर केलं, "वाट लागली! बाजा वाजतोय, पण माणसांचे आवाज गेले!"

तेवढ्यात पडद्यावरचा जाड्या चिखलात बसला आणि दारात उभे असलेले माझे बाबा खदखदून हसले. सगळ्यांनी टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघितलं, कारण बाबा म्हणजे कायम मूग गिळून बसलेला माणूस. ते गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग, आणि त्या शेकडो मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान तरुणपणीच निम्मे खाल्ले होते. बोलके सिनेमे ते अर्ध्यात टाकून उठायचे. ऐकू येत नाही हे कबूल कोण करणार? "भिकार आहे," म्हणायचे. मुका सिनेमा मात्र शेवटपर्यंत, दाराच्या चौकटीला टेकून. त्यांच्याबरोबर हसायला मिळायचं म्हणून मलाही ते सिनेमे जीव की प्राण झाले. अजून आहेत. हल्लीच्या विनोदाला आधी भाषा कळावी लागते, मग बातम्या माहीत असाव्या लागतात. ह्यांना केळ्याची साल पुरते.

पुढे गिरणी बंद पडली, चाळही गेली. आता आम्ही मुलुंडला राहतो आणि बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातलं मशीन कपाटात पडून आहे. कानात माशी सोडल्यासारखं वाटतं म्हणे. संध्याकाळी आई आणि मी मालिका बघायचो, ते आमच्याकडे पाठ करून गॅलरीत बसायचे. एका घरात राहून ते आमच्यातून हळूहळू निघून चालले होते. मला त्याची फार भीती वाटायची.

परवाच्या रविवारी मी आईच्या हातून रिमोट काढून घेतला आणि फोनवरून टीव्हीला एक मुका सिनेमा लावला. बाबांना हात हलवून बोलावलं. आले, कुरकुरत बसले. पडद्यावर एक माणूस दुकानाच्या काचेआड उभा. बाहेरचा मित्र त्याला हातवारे करून सांगतोय की मालक मागे आलाय, आणि ह्याला वाटतंय, तो जेवायला बोलावतोय.

"चूक!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की आई दचकली. "असं नाय सांगत!"

त्यांनी मिशीला पीळ दिला आणि अंगठा खांद्यामागे नेला. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, मागे आलाय. मग दोन बोटं जुळवून झटकन फाकवली, धागा तुटला. नाक चिमटीत धरलं, साहेबाच्या तोंडाला वास येतोय. साच्यांच्या आवाजात कोणाचंच कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून अख्खं खातं हातांनी आणि ओठांनी बोलायचं, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा उभे राहिले. भांडण, चहाडी, लग्नाची बोलणी, सगळं करून दाखवलं. समोरचे सोबती जणू अजून साच्यांपलीकडे उभे होते. मी पोट धरून हसत होते आणि माझे डोळेही वाहत होते. एवढे बडबडे बाबा मी कधी बघितलेच नव्हते.

आई मात्र हसली नाही. ती उठून त्यांच्यासमोर गेली.

"इतक्या बोलूक येता तुमका?" एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असं ती म्हणाली. "आणि माका आयुष्यभर नुसता हूं नि उंहूं?"

बाबांनी ओठ वाचले. "ता खात्यातला होता गो."

"मगे माका कित्याक नाय शिकवलात?"

पडद्यावर धावपळ चालू होती, तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बाबांनी तिला हाताला धरून खाली बसवलं, स्वतः समोर बसले आणि संधिवाताने वाकलेली तिची बोटं एकेक करून सरळ करू लागले.