एडवणचं फुलपाखरू

जगातली कुठलीही चांगली गोष्ट मुळात एडवणची असते, असं आमच्या शेजारच्या तात्यांचं ठाम मत होतं. तारापूरच्या कॉलनीत वारा सुटला तरी तो एडवणचा, आणि बोंबील गोड लागले तर विचारायलाच नको. नोकरीसाठी किनाऱ्यावरचं ते गाव सोडावं लागलं, याचा राग ते असा काढत असावेत.

क्वार्टरमागे त्यांनी गावाहून आणलेलं लिंबाचं झाड लावलं. त्यावर काळी फुलपाखरं यायला लागली. पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या कडेला एक तांबडी टिकली. "झाडाच्या मागं मागं आलं, गावचं हाय," तात्या म्हणाले. "शेपूट बघ, नाय. आमच्याकडं मिरवायची सवयच नाय."

त्याच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसत, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या. बोट लावलं तर डोक्यातून तांबडी शिंगं काढून घाण वास सोडत. त्यांनी झाड पार ओरबाडलं. तात्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, लोणच्यापुरतीही लिंबं मिळेनात. त्या अळ्या वेचायला निघाल्या की तात्या आडवे येत. "गावचा पाहुणा हाकलतात काय?"

"माझ्या माहेरचे आले की दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ विचारता ते?" काकू म्हणत.

समोरच्या तमिळ अम्मा एकदा ते फुलपाखरू बघून म्हणाल्या, "ये तो हमारे मदुरै में भी है." तात्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते झाडाकडे फिरकले नाहीत. मग जाहीर केलं, "आमच्या होड्या लांब लांब जायच्या. शिडावर बसून गेलं असंल."

तात्या निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायचा दिवस आला. नवीन राहायला येणारे लोक झाड तोडून तिथे स्कूटरसाठी शेड घालणार होते. टेम्पोत सामान चढलं, आणि तात्यांना फांदीवर एक काळपट पडलेला कोश दिसला. आतले पिवळे ठिपके बाहेरून कळत होते. "हे बाहेर पडल्याबगर मी नाय हलणार."

"चाचा, बोईसर में दूसरा भाड़ा है," ड्रायव्हर वैतागला. काकू काहीतरी बोलतील म्हणून आम्ही बघत होतो. त्या आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, सगळ्यांसाठी चहा टाकला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बस रे, पाहुणा निघतोय."

कोश फुटला. चुरगळलेले पंख उन्हात हळूहळू ताठ झाले. फुलपाखरू उडालं ते नेमकं एडवण सोडून, कारखान्यांच्या बोईसरकडे. तात्या खूप हसले. "त्याला पण नोकरी लागली," म्हणाले, आणि डोळे पुसत टेम्पोत बसले.

पुढे मी कामासाठी सिंगापूरला राहिलो. बाल्कनीतल्या कुंडीत लिंबू लावलं होतं. एका सकाळी त्यावर तेच येऊन बसलं, तांबड्या टिकलीसकट. तात्या तोवर गेले होते. मला त्यांची इतकी आठवण आली की हातातला चहा गार झाला.

"बाबा, हे इथलं आहे का?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एडवणचं आहे."