डोकं धुऊन या!

चहा ओता आधी. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण एवढं लक्षात ठेवा, हा घोळ मी पीएचडी झाल्यावर, पूर्ण शुद्धीत घातलेला आहे!

मी पुण्यात पोस्टडॉक करते. म्हणजे काय, ते आमच्या आईला आजतागायत कळलेलं नाही. "डॉक्टर झालीस ना? मग आजून शिकतीस कावून?" असं ती विचारते. तर काम असं, की लकवा झालेल्या माणसाचा हात हलत नाही, पण हलवायचा विचार त्याचा मेंदू करतच असतो. तो विचार डोक्यावरच्या टोपीतून कॉम्प्युटरनं पकडायचा आणि मोटर बसवलेल्या हातमोज्याला सांगायचं, उघड बाबा मूठ!

हे वेड लागलं ते तात्यांमुळं. तात्या माझे थोरले चुलते. लिंबागणेशच्या पुढं आमचं गाव, तिथल्या दूध सोसायटीत दूध मापण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लकव्यानं त्यांची उजवी मूठ आवळली ती आवळलीच. मी ठरवलं, परवानग्या रीतसर काढायच्या आणि टोपी गावातच न्यायची. तात्यांवर बघायचं, आणि तुलनेला गावातली धडधाकट माणसंही घ्यायची.

साल दुष्काळाचं. विहिरी कोरड्या, टँकर आला तर आला. जनावरांचं दूध आटलेलं, त्यामुळं डेअरी रिकामीच होती. सोसायटीनं तिथली खोली दिली.

आता त्या टोपीची एक खोड आहे. केसांना तेल असलं की सिग्नल धड येत नाही. म्हणून आदल्या दिवशी मी वहिनीला मोबाइलवर आवाजी मेसेज टाकला : "उद्या सकाळी सगळ्यांना डेअरीत बोलवा. येताना डोकं धुऊन या म्हणावं. पाण्याचं आपण बघू."

पाण्याचं आपण बघू! दुष्काळात! बीड जिल्ह्यात! मला म्हणायचं होतं, डोकं धुवायला बादलीभर कमी पडलं तर बघू. पण अहो, या एका वाक्यावर लोक निवडून आलेत आमच्याकडं!

वहिनीनं तो मेसेज जसाच्या तसा गावाच्या ग्रुपवर ढकलला.

सकाळी जाऊन बघते तर डेअरीपुढं ही गर्दी! शेजारच्या वस्तीवरची माणसंसुद्धा आलती. मला भरून आलं. विज्ञानाची एवढी ओढ! बायकांच्या कडेवर घागरी होत्या, पण मला वाटलं, इथून पुढं पाण्याला जाणार असतील. बैलगाडीवर एक भलीमोठी टाकी होती, ती मात्र मला दिसलीच नाही. माणूस भारावला की त्याला टाकी दिसत नाही.

मी पायरीवर चढले. "जयभीम, नमस्कार! एकेकाला अर्धा तास लागेल हं."

"लागू दे की!" कलिंदाकाकू ओरडल्या. या आमच्या शेजारीण. आवाज असा, की गावाला भोंगा नको. "आमी दिवसभर थांबतो!"

"आधी तात्या, मग बाकीचे."

"बरोबर हाय. आजारी माणसाचं आधी."

काय समजूतदार लोक! मी पिशवीतून वायरींचा जुडगा काढला. गर्दीत कुजबुज झाली.

"ताई, येवढ्या बारीक नळीतून येतंय व्हय?"

"बारीक दिसली तरी सगळं येतं हिच्यातून!"

"पण जोर हाय का?"

"जोर तुमच्या हातात आहे. जितका मनापासून विचार कराल, तितकं जोरात येईल."

एक म्हातारबा पुढं सरकून म्हणाले, "म्हंजी, निस्ता इचार करायचा?"

"हो बाबा, नुसता विचार."

"ते तर आमी पाऊस गेल्यापासून करतोय की, बाई!"

काय हजरजबाबी माणूस, म्हणून मी खळखळून हसले. एकटीच.

काकू पुढं आल्या. "ते ऱ्हाऊ दे. टँकर कवा येतोय?"

"कुठला टँकर?"

काकूंनी फोन काढला आणि माझाच आवाज मला ऐकवला. मग डोक्यावरचा पदर मागं सारला. केस ओले होते. "घरातलं व्हतं न्हवतं ते पाणी डोक्यावर वतून आलेय मी. तू देणार म्हणून!"

आता काय करू? मेंदूचा अभ्यास माझा, आणि ऐन वेळी बंद पडला तोही माझाच!

सोसायटीच्या चेअरमनना फोन लावला. नशीब, सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. ते आले, त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. मला घागरी दिसत होत्या, त्यांना मतं दिसली. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मांजरसुंब्याला कुणालातरी फोन केला आणि जाहीर केलं, "दुपारपर्यंत टँकर हजर!" मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले होते.

"मग तवर बस की टोपी घालीत," काकू म्हणाल्या. "धुतलेली डोकी वाया कावून घालवतीस?" आणि पहिल्या त्याच बसल्या!

तात्यांना घरून आणेपर्यंत बाकीच्यांचं उरकत आलं. शेवटी त्यांना टोपी आणि हातमोजा चढवून बसवलं. "तात्या, पेला धरायचाय असं मनात आणा. मूठ उघडा." काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. तात्यांच्या कपाळावर घाम आला. मी टोपीच्या वायरी परत चाचपल्या.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. "टँकर आला!" वहिनी सोडून खोली क्षणात रिकामी. तात्यांना उठता येईना. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. आणि हातमोजा घुरघुरला. एकेक बोट सुटत मूठ उघडली!

मला धास्ती, डोकं हललं म्हणून टोपीनं भलताच सिग्नल तर पकडला नसेल? "तात्या, हलू नका. आता मनात काय आणलं होतं, तेच परत आणा."

परत उघडली. परत एकदा, परत उघडली!

"काय आणलं होतं मनात?"

जड जिभेनं तात्या म्हणाले, "पाइप... धरला."

मी आणि वहिनी गळ्यात पडून रडलो. बाहेर काकू खऱ्या पाइपासाठी भांडत होत्या.

मी पुण्याला परतले ती हवेतच. पुढच्याच आठवड्यात चकलांब्याहून एका बाईंचा फोन! "म्याडम, तुमचं लई नाव ऐकलं. आमच्याकडं बी बघा की."

मी फुलले. "नक्की! मशीन घेऊनच येते. लकव्याचे पेशंट किती आहेत?"

"पेशंट एक बी न्हाई, म्याडम. अन् मशीन कशाला, उगं वझं? यायची बी तकलीफ नका घेऊ. तुमी निस्ता तेवढा मेसेज टाका!"